दुपट्ट्याखाली

कळमन्याच्या मिरची बाजारात हर्रास बोलणारे
डोमाजी निनावे
मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश तापलेलं असताना
आमच्या अठरा अंशांच्या खोलीत आले
आणि म्हणाले, "मशीनले गर्मी लागते, मानसाले नाई का जी?"
आवाज असा, की भरल्या पोत्यावरून पोतं ओढावं.

गरम पाण्यात मऊ केलेली जाळी
मी त्यांच्या चेहऱ्यावर दाबली.
निवत गेली तसा तिच्यात उमटला
नाकाचा बाक,
आणि गालातला तो कोपरा
जिथे तीस वर्षं खर्रा ठेवला.

मग काप. तीन-तीन मिलिमीटरचे,
टाळूपासून गळ्याच्या हाडापर्यंत.
शिंप्यानं खडूनं आखावी तशी
प्रत्येक कापावर मी गाठीची कड काढते.
कुठे गाठ संपते, कुठे माणूस सुरू होतो
हे एकोणीस ते तेवीस या कापांवर
मला नीट सांगता येत नाही.
तिथे मी अंदाजानं रेघ ओढते
आणि यंत्र तिला खरी मानतं.

अभ्यासासाठी नाव पुसावं लागतं.
निनावे निनावी झाले.
हसू आलं, पण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.
आता ते एच एन एकशे बारा.

यंत्र पोत वाचतं:
करड्या ठिपक्याशेजारी कोणता करडा,
किती खडबडीत, कड किती विस्कटलेली.
राहिलेल्या नि गेलेल्या साडेतीनशे माणसांवरून
ते हे शिकलं. त्यातल्या कित्येक रेघा माझ्याच हातच्या.
मग म्हणतं: दोन वर्षं जगण्याची शक्यता,
शून्य दशांश अडतीस.

टक्के शंभर माणसांचे असतात.
डोमाजी एकटेच होते. भाचा सोबत आलेला,
तो खाली पार्किंगच्या पावतीवरून भांडत होता.

"दिसलं न काई, मॅडम?"
"डॉक्टर सांगतील."
"म्हंजे दिसलं."
खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी
माझ्या हातावर टाकला, त्याखाली आपला हात.
"पयले सौदा असा होये. बोटं दाबाची.
भाव दोघालेच मालूम.
दाबा."

तळवा मिरचीनं कायमचा भाजलेला,
उन्हाळ्यातल्या पत्र्यासारखा.
अडतीस कसे दाबतात मला माहीत नव्हतं.
माहीत असतं तरी.
मी मूठ मिटून घेतली.
ते जरा चाचपत राहिले, मग दुपट्टा झटकून म्हणाले,
"भावच नाई फुटला आज."

पस्तीस दिवस किरणं झाली.
आता लाळ नाही. वरणाला दिलेली जिऱ्याची फोडणीही झोंबते.
हर्रास भाचा बोलतो;
हे ढिगाशी बसतात आणि मान हलवतात किंवा हलवत नाहीत.

माझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना: परिणाम.
तिथे शून्य लिहायचं, किंवा एक.
एकशे बाराच्या पुढे अकरा महिने कोरं आहे.
अधूनमधून फाईल उघडून
मी फक्त ते कोरेपण पाहते.
याला संशोधन म्हणत नाहीत.

आज तपासणीला आले तेव्हा
खिशातून एक भिवापुरी काढली,
स्वतःच्या कानाशी हलवली, मग माझ्या.
"बी वाजते का? वाजली त वाळली.
नाई वाजली त आतून ओली. थे सडते.
फोडून पाहाले नाई लागत."

मी कान दिला.
एसीची घरघर. बाहेर टोकनचा पुकारा, एकोणसत्तर, सत्तर.
मला काहीच कळलं नाही.
"आयका न बाई," ते म्हणाले,
आणि पुन्हा हलवली.